गळतीचे गणित आणि एक कायदा

विद्यार्थ्याने गणित मध्येच सोडले, की आपण दोष कोणाचा ते शोधू लागतो. विद्यार्थ्याचा, शिक्षकाचा, नाहीतर घरच्या परिस्थितीचा. कॅलिफोर्नियातील दोन प्राध्यापिकांनी वेगळ्याच जागी बोट ठेवले.

तेथील कम्युनिटी कॉलेजे म्हणजे दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये. पहिले १९१० साली फ्रेस्नो येथे निघाले. आज शंभराहून अधिक आहेत. प्रवेश सर्वांना खुला. येथून पुढे विद्यापीठात जाता येते. परंतु प्रवेश खुला असला तरी गणिताचा वर्ग खुला नव्हता. आल्याबरोबर चाचणी होई. तीत मागे पडलेल्यांना अंकगणित, प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचे बीजगणित अशा पायऱ्या चढाव्या लागत. विद्यापीठात धरला जाणारा अभ्यासक्रम त्यानंतर.

आता थोडा हिशेब करू. समजा, अशा तीन पायऱ्या आणि चौथा तो अभ्यासक्रम. चार वेळा उत्तीर्ण व्हायचे, आणि मध्ये तीन वेळा पुढच्या वर्गात नाव घालायचे. म्हणजे एकूण सात दरवाजे. प्रत्येकातून शंभरातील ऐंशी जण पार होतात असे धरू. (ऐंशी टक्के निकाल म्हणजे कोणीही शिक्षक खूश!) पहिल्या दरवाजापलीकडे ८०, मग ६४, ५१, ४१, ३३, २६ आणि अखेर २१. कोणत्याही एका वर्गाचा निकाल वाईट नाही, तरी ७९ जण गळाले. हा गुणाकार नववीचा मुलगाही करील.

गणिताच्या मायरा स्नेल आणि इंग्रजीच्या केटी हर्न यांनी नेमका हाच मुद्दा धरला. शिकवणे सुधारा, पण आधी दरवाजे कमी करा. विद्यार्थ्याला वरच्या वर्गात बसवा आणि त्याच वेळी जोडीला मदतीचा तास द्या. २०१० साली त्यांनी कॅलिफोर्निया ॲक्सिलरेशन प्रोजेक्ट सुरू केला, इतर शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि विधिमंडळापुढे बाजू मांडली. ऑक्टोबर २०१७ मध्ये जॅकी अर्विन यांच्या विधेयक ७०५ वर राज्यपाल जेरी ब्राउन यांची सही झाली. विद्यार्थी वर्षभरात विद्यापीठ-पातळीचे गणित व इंग्रजी पूर्ण करील याची संभाव्यता जास्तीत जास्त व्हावी, असे हा कायदा म्हणतो. 'संभाव्यता' हा शब्द कायद्यात क्वचितच भेटतो! वर्ग ठरवताना शाळेतील गुण विचारात घेणे बंधनकारक झाले.

सगळे शिक्षक मात्र आनंदले नाहीत. १९८८ च्या विधेयक १७२५ ने अभ्यासक्रमाच्या बाबतीत अध्यापक-सभांना कायदेशीर स्थान मिळवून दिले होते. मग कोणी कोठे बसावे हे आमदारांनी का सांगावे? शाळा सोडून वीस वर्षे झालेल्या स्त्रीला अपूर्णांकच आठवत नसतील, तर तिने कोठे जावे? हे आक्षेप पोकळ नव्हते. कायद्यानंतर विद्यापीठ-पातळीचे गणित पहिल्या वर्षी पूर्ण करणाऱ्यांची संख्या खूपच वाढली. पण त्या वर्गांतील उत्तीर्णांचे प्रमाण घटले. दोन्ही बाजू आपापला आकडा पुढे करतात, आणि दोन्ही आकडे खरे आहेत. माझे मत विचाराल तर मी पहिला आकडा वजनदार मानतो, कारण पूर्वी गळालेले त्या वर्गापर्यंत पोहोचतच नसत, मग त्यांची मोजणी होणार कशी?

२०२२ च्या विधेयक १७०५ ने हे नियम आणखी कडक केले. विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना शक्यतो थेट कलनाच्या वर्गात बसवावे, असा त्याचा रोख होता. येथे गणिताचे प्राध्यापक पुन्हा उठले. त्रिकोणमिती कच्ची असताना कलन कसे पेलणार, असे त्यांनी ठणकावले. आणि शाळेत पुरेशी तयारी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीच्या वर्गाची वाट काही प्रमाणात उघडी ठेवून घेतली.