संगणकातील मोडी

पेशवे दफ्तरातील रुमाल पुण्यात सुरक्षित आहेत. ते वाचू शकणारे मात्र मोजकेच उरले आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी मोडी दोन पिढ्यांत अपरिचित झाली. कागद टिकला, वाचक संपला. मराठीच्या इतिहासात असे एकदाच घडले, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते ते दुसऱ्यांदाही घडले, आणि या वेळी खुद्द देवनागरीत घडले. १९९० ते २०१० या दोन दशकांत संगणकावर जुळवलेल्या मराठी मजकुराची फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडली, तर पुष्कळदा रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक गुंता समोर येतो. तो वाचायचा तर यंत्रालाच विंडोज एक्सपीच्या काळात परत न्यावे लागते.

वरणगाव-भुसावळ परिसरात मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हाला हा प्रश्न केवळ तांत्रिक वाटत नाही. या भागातील लेवा गणबोलीतल्या ओव्या, म्हणी, लग्नगीते विद्यार्थ्यांनी घरोघरी फिरून गोळा केली आणि त्यांवर लघुप्रबंध लिहिले. ते गावातल्या डीटीपी केंद्रांत जुळवले गेले. बांधीव प्रती निघाल्या दोन-चार. पृष्ठमर्यादेमुळे गाळलेली गीते तर फक्त फाइलमध्येच राहिली. ती सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. तेव्हा फाइल न उघडणे याचा अर्थ येथे सरळ आहे: ते गीत गेले.

असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत नव्हतेच, असे नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. 'इस्की' ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. तिचे तत्त्व भाषाशास्त्रीय होते: संकेत वर्णाला द्यावा, त्याच्या आकाराला नव्हे. १९९१ मध्येच आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचाच आधार घेतला.

छपाईचा व्यवहार मात्र वेगळ्या वाटेने गेला. पेजमेकरसारख्या आज्ञावलीला जोडाक्षरे घडवता येत नव्हती. म्हणून टंकनिर्मात्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा 'क', काना, वेलांटी, रफार. खिळे जुळवणाऱ्या कंपॉझिटरचीच ही रीत होती. फक्त शिशाची जागा संगणकाने घेतली. प्रत्येक संस्थेची तुकड्यांची मांडणी स्वतंत्र होती. 'किती' हा शब्द वेलांटी आधी आणि 'क' नंतर, असा दिसण्याच्या क्रमाने साठवला जाई. युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतेच. मराठीचे चित्र होते. ते दाखवणारा टंक गेला की चित्रही पुसले जाते.

यात डीटीपी चालकांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. विंडोज २००० आणि त्यानंतरच्या एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरीची सोय होती. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला 'मंगल' टंकही त्यांत होता. परंतु पेजमेकरची अखेरची, २००१ ची आवृत्तीही युनिकोडपासून दूरच राहिली. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली ती २०१२ च्या सुमारास. तोवर पुस्तक छापायचे तर जुनाच मार्ग धरणे भाग होते. २००७ मध्ये व्हिस्टासह आलेले लॅपटॉप पुष्कळांनी एक्सपीवर परत नेले, ते अशाच जुन्या आज्ञावल्या आणि त्यांच्या डोंगलसाठी.

आज हा परतीचा प्रवास अधिक अवघड आहे. सोळा बिटांच्या आज्ञावल्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर एक्सपी बसवताना बायोसमध्ये हार्ड डिस्कची पद्धत 'एएचसीआय'वरून 'आयडीई'वर न्यावी लागते. एरवी तिला डिस्क सापडतच नाही. नव्या यंत्रांवर आभासी संगणकात एक्सपी चालवणे हाच सोयीचा मार्ग. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपल्यामुळे असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवणे इष्ट. योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला. एक जुनी लिपी संगणकात दाखल होत असताना देवनागरीतलेच अलीकडचे लेखन दृष्टिआड होत होते.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आहेत. मग मागे जाण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. बोलीचा अभ्यासक त्याचे उत्तर देऊ शकेल. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो: डोळा हा 'डोया', काळा हा 'काया'. रूपांतरित मजकुरात 'काया' दिसले, तर ते बोलीतील काळेपण, प्रमाण मराठीतील शरीर, की रूपांतरात झालेली चूक? शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला तो शब्द निर्दोष वाटेल. 'डोया'ला मात्र ते अडवील, आणि उत्साही मुद्रितशोधक त्याचा 'डोळा' करून टाकील. संग्राहकाने काय लिहिले होते, हे मूळ टंकातील मूळ पान पाहिल्याखेरीज ठरत नाही. हस्तलिखिताच्या पाठचिकित्सेत मूळ प्रतीचे जे स्थान, तेच येथे जुन्या कार्यप्रणालीचे.

बहिणाबाई चौधरींच्या (१८८०–१९५१) रचना वेळीच टिपल्या गेल्या, म्हणून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आल्या. त्यांच्याच प्रदेशातील अनाम बायांची गीते एकदा कानातून कागदावर आली आहेत. आता ती एका संकेतातून दुसऱ्यात न्यायची आहेत. मराठी विभागांनी जुन्या सीडी गोळा कराव्यात, प्रत्येक फाइलच्या टंकाचे नाव नोंदवावे, जुन्या यंत्रावर मूळ पानाची पीडीएफ काढावी आणि ती समोर ठेवून युनिकोड पाठ तपासावा. डोंगल चालू आहेत आणि ते टंक ओळखणारे चालक आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.