डर्बनमध्ये जेवायचे कुठे?

आमचा एक मामेभाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो. कोकणातल्या मुसलमानांच्या घराघरांत असा एक तरी जहाजी असतो, त्यामुळे यात सांगण्यासारखे काही नाही. सांगायचे ते वेगळेच आहे. मागे त्याचे जहाज दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदराला लागले. उतरल्यावर त्याने आम्हाला फोन केला. घरात शिकलेला माणूस म्हणून असले फोन आमच्याकडेच येतात. तो म्हणाला, "भाईजान, इथं सगळे सांगतात, डर्बनला आलास तर बनी चाऊ खाऊन जा. पण बनी म्हणजे ससा ना? चालेल का?"

ससा शरीयतीप्रमाणे हलालच आहे, पण आमच्या सात पिढ्यांत कुणी खाल्लेला नाही. म्हणून आम्ही त्याला जरा थांब म्हटले, आणि आमच्याजवळ दक्षिण आफ्रिकेवरची जी काही पुस्तके होती ती काढून बसलो. बनी चाऊमध्ये ससा नसतो, हे पाच मिनिटांत कळले. पण मग तो पदार्थ आला कुठून, हे शोधता शोधता आमची रविवारची सारी सुट्टी गेली. मामेभावाने विचारलेला प्रश्न, म्हणजे डर्बनमध्ये जेवायचे कुठे, हा त्या शहरात दीडशे वर्षे कायद्याचा, रंगाचा आणि अब्रूचा प्रश्न होता, हे आमच्या हळूहळू लक्षात आले.

सुरुवात 16 नोव्हेंबर 1860 पासून करावी लागते. त्या दिवशी मद्रासहून निघालेले 'ट्रूरो' हे जहाज डर्बनला पोचले. त्यात 342 गिरमिटिये होते, नातालच्या उसाच्या मळ्यांवर पाच वर्षांच्या करारावर आणलेले. 1911 पर्यंत असे 1,52,184 लोक तिथे उतरले. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग पगार, पुढे दर वर्षी एक शिलिंग वाढ, आणि वर शिधा. तांदूळ, डाळ, सुकी मासळी, तेल किंवा तूप, मीठ. कागदावर तांदूळ असला तरी मळेवाले त्याऐवजी मक्याचे पीठ पदरात टाकीत, कारण ते स्वस्त पडे. भात खाणाऱ्या माणसाला मक्यावर आणले म्हणजे काय होते, हे आपल्याकडे दुष्काळात मिलो खाल्लेल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. आज डर्बनच्या हिंदी घरांत मका आणि घेवडा मजेने खाल्ला जातो, पण त्याची सुरुवात मजेत झालेली नाही.

गिरमिटियांच्या मागोमाग, 1870 नंतर, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी आले. बरेचसे गुजराती मुसलमान, पोरबंदरकडचे मेमन आणि सुरतकडचे. अबूबकर आमद झवेरी हे त्यांतले अगदी पहिल्या फळीतले. ग्रे स्ट्रीटवर 1881 मध्ये मशिदीसाठी जागा घेतली गेली ती त्यांच्याच पुढाकाराने. तीच पुढे जुम्मा मशीद म्हणून नावारूपाला आली आणि तिच्याभोवती दुकाने, खाणावळी, छापखाने आणि मागाहून सिनेमाघरे अशी एक बाजारपेठ उभी राहिली. या व्यापाऱ्यांतले कित्येक जण स्वतःला 'अरब' म्हणवून घेत. गोऱ्यांनी आपल्याला 'कुली' समजू नये म्हणून केलेली ही तजवीज. आपलीच माणसे आपल्याच माणसांपासून वेगळी दिसावीत म्हणून नाव बदलतात, हा प्रकार समुद्रापलीकडचाच आहे असे आम्ही म्हणणार नाही.

याच व्यापाऱ्यांपैकी दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठी 1893 च्या मे महिन्यात मोहनदास गांधी डर्बनला उतरले. पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर त्यांना गाडीतून ढकलले, ही गोष्ट आम्ही दर वर्षी वर्गात शिकवतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, फिर उन्होंने खाना कहाँ खाया?" वर्ग हसला. आम्हीही त्या वेळी हसून वेळ मारून नेली. आता आत्मकथा पुन्हा उघडून पाहिली तेव्हा कळले की पोराचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच प्रवासात जोहान्सबर्गच्या हॉटेलवाल्याने गांधींना जागा नाही म्हणून सांगितले. ते तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांकडे गेले, तेव्हा अब्दुल गनी शेठ हसले. हॉटेलात उतरायची अपेक्षा तुम्ही केलीतच कशी, असा त्या हसण्याचा अर्थ. प्रिटोरियात जॉन्स्टन नावाच्या हॉटेलमालकाने जागा दिली, पण जेवण खोलीतच घ्यावे लागेल अशी अट घातली. मग थोड्या वेळाने तो परत आला. इतर पाहुण्यांना विचारले, त्यांची हरकत नाही, तेव्हा खुशाल जेवणघरात या, असे म्हणाला. एका बॅरिस्टराला टेबलापाशी बसून जेवता यावे यासाठी अनोळखी माणसांची परवानगी काढावी लागली! पुढच्या वर्षीपासून आम्ही हा भाग वर्गात सांगणार आहोत, धड्यात असो वा नसो.

पुढे साठ वर्षांनी हेच सारे कायद्याने पक्के केले. 1950 च्या ग्रूप एरियाज कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचे आणि कुठे धंदा करायचा ते ठरवले. 1953 च्या वेगळ्या सोयींच्या कायद्याने बाक, किनारा, बसथांबा, सगळे रंगांवर वाटून दिले. डर्बनच्या समुद्रकाठच्या झकपक हॉटेलांत हिंदी माणूस वेटर होऊ शकत होता, गिऱ्हाईक नव्हे. म्हणून ग्रे स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया स्ट्रीट यांना इतके महत्त्व आले. बायकापोरांना घेऊन बाहेर जेवायचे तर तेवढाच कोपरा उरला होता. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर 1945 मध्ये पंपी नायडू यांनी 'गुडविल लाउंज' काढले. तिथे जेवणाबरोबर जॅझ वाजे. त्याच भागात सिनेमा पाहायचा आणि येताना काही तिखट खाऊन घरी जायचे, हा तिथल्या दोन पिढ्यांचा शनिवार होता.

आता बनी चाऊ. पावाची लादी घ्यायची, आपली कापलेली नव्हे, अख्खी. तिचा चतकोर किंवा अर्धा भाग कापून आतला मऊ गर काढायचा आणि त्या पोकळीत सालन ओतायचे. मटणाचे, कोंबडीचे, नाहीतर घेवड्याच्या दाण्यांचे. काढलेला गर वरून झाकणासारखा ठेवायचा. सोबत किसलेले गाजर, कांदा आणि मिरची. चमचा नाही, ताट नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून हातात द्यायचे. सालनात बटाटा हवाच, आणि तो रस्सा पिऊन फुगलेला हवा. नावातला 'बनी' म्हणजे ससा नसून 'बनिया', असे बहुतेक जण मानतात. ग्रे स्ट्रीटवरच्या गुजराती वाण्यांच्या शाकाहारी खाणावळींत घेवड्याची बनी मिळे, त्यावरून हे नाव पडले. त्यांतली जी. सी. कपितान यांची खाणावळ सर्वांत गाजलेली. ती 1992 मध्ये बंद झाली.

पण हे पावाचे ताट झाले कशासाठी? याच्या दोन-तीन कथा आहेत. एक म्हणते, गोल्फच्या मैदानावर गोऱ्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या हिंदी पोरांना दुपारी गावात येऊन जेवायला सवड नसे, म्हणून सालन पावात भरून नेत. दुसरी म्हणते, मळ्यावरच्या मजुरांना रोटी बांधून नेली तर तिचे तुकडे होत, पाव टिके. तिसरी कथा जास्त सांगितली जाते. आफ्रिकी गिऱ्हाइकाला आत बसवून खाऊ घालायची सोय नव्हती, म्हणून मागच्या खिडकीतून त्याच्या हातात असे काही द्यायचे की ज्याला ताट लागणार नाही आणि परत घ्यायचे भांडे उरणार नाही.

या तिसऱ्या कथेशी आम्ही बराच वेळ थांबलो. तिथले लोक ती मोठ्या अभिमानाने सांगतात. कायदा कडक होता, पण आमच्या बुजुर्गांनी वाट काढली आणि भुकेल्या माणसाला खाऊ घातले, असा तिचा सूर असतो. त्यात खोटे काही नसेल. पण ज्याला परत करावे लागत नाही असे भांडे म्हटले की आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाला दुसरेच काही आठवते. आपल्याकडच्या चहाच्या दुकानांबाहेर दलितांसाठी टांगून ठेवलेला वेगळा कप आठवतो. मागच्या खिडकीतून देणारा दयाळू असेलही. पण घेणाऱ्याला खिडकी मागची होती हे दिसत होतेच, आणि गल्ल्यात पैसे त्याचेच पडत होते.

13 जानेवारी 1949 रोजी याच व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका आफ्रिकी मुलाला हिंदी दुकानात मारहाण झाल्याची बातमी पसरली आणि डर्बन पेटले. 142 माणसे मेली. त्यांत 87 आफ्रिकी, 50 हिंदी, एक गोरा आणि चौघांची ओळखच पटली नाही. मेलेल्या आफ्रिकींतले बरेच पोलीस आणि लष्कराच्या गोळ्यांनी मेले. हिंदी घरांची आणि दुकानांची राख झाली. गोऱ्या राजवटीने दोघांना एकमेकांवर घातले हे खरे, आणि हिंदी दुकानदाराच्या वागण्याचा राग साठत आला होता हेही खरे. आपल्या लोकांनी लिहिलेल्या आठवणींत पहिले वाक्य बहुधा असते, दुसरे शोधावे लागते.

हे सारे जुने झाले म्हणावे तर 2021 चा जुलै समोर येतो. त्या महिन्यात क्वाझुलू-नातालमध्ये लुटालूट आणि जाळपोळ झाली. दुकाने जळाल्यावर डर्बनमध्ये लोक पावासाठी रांगा लावून उभे राहिले. वर्णभेदाच्या काळात हिंदी लोकांना हलवून वसवलेल्या फिनिक्समध्ये रस्तोरस्ती नाकेबंदी झाली, आणि त्या भागात 36 माणसे मेली, त्यांत बहुतेक आफ्रिकी. वेगळ्या सोयींचा कायदा 1990 मध्ये आणि ग्रूप एरियाजचा 1991 मध्ये रद्द झाला होता. वस्त्या मात्र जिथल्या तिथे होत्या.

मग डर्बनमध्ये सगळ्यांनी एकत्र बसून खावे अशी जागाच नव्हती का? होती, आणि ती आम्हाला अनपेक्षित ठिकाणी सापडली. ब्रुक स्ट्रीटच्या कबरस्तानात शेख अहमद बादशाह पीर यांची मजार आहे. ते गिरमिटिया म्हणून आले आणि 1894 मध्ये वारले. ती कबर शोधून काढणारे सूफी साहेब, हजरत गुलाम मोहम्मद सूफी, हे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या इब्राहिमपट्टणचे! 1895 मध्ये ते डर्बनला उतरले. उमगेनी नदीच्या काठी रिव्हरसाइडला त्यांनी मशीद, मदरसा आणि यतीमखाना उभा केला. 1911 मध्ये त्यांचा इंतकाल झाला तोवर त्यांच्या मशिदी केप टाऊनपर्यंत पोचल्या होत्या. तिथली 1905 ची हबीबिया मशीद त्यांचीच, आणि तिच्या आसपास आजही कोकणी घरे आहेत. उरसाला बिर्याणीच्या देगा चढतात. तिथल्या बिर्याणीत अख्खे मसूर घालतात. आमच्या आईला हे सांगितले तर तिने नुसते आमच्याकडे पाहिले. त्या देगांपाशी हिंदू गिरमिटियांची नातवंडेही आली आणि मुसलमानांचीही, आणि पुढचे-मागचे दार तिथे नव्हते. पुढे रिव्हरसाइडची हिंदी वस्ती ग्रूप एरियाजखाली उठवली गेली. मशीद आणि मजार तेवढी राहिली.

ब्रुक स्ट्रीटच्या मजारीला लागूनच वॉरिक जंक्शनचा बाजार भरतो. तिथे झुलू बायका मोठ्या भांड्यांत मक्याची कणसे उकडतात, कुठे गाईची मुंडी शिजत असते, आणि तिथून चालत गेले की व्हिक्टोरिया स्ट्रीटचा मसाल्याचा बाजार. 1973 मध्ये तो आगीत जळाला आणि पुढे पुन्हा बांधला गेला. व्हिक्टोरिया स्ट्रीटचे नाव आता बर्था म्खिझे यांचे आहे. परवान्यांविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणणारी ही झुलू कार्यकर्ती. ग्रे स्ट्रीटला डॉ. युसूफ दादू यांचे नाव दिले आहे. नावांच्या पाट्यांवर तरी दोघे शेजारी आले.

तेव्हा मामेभावाला आम्ही असे सांगितले. समुद्रकाठची हॉटेले आणि उमलांगाचे मॉल आता सगळ्यांना खुले आहेत. बनी तिथेही मिळते, चिनी मातीच्या बशीत, सुरीकाट्यासह. तिकडे जाऊ नकोस. दादू स्ट्रीटला जा, जुम्मा मशिदीत नमाज पढ आणि बाहेर येऊन कुणालाही विचार. हलालची पाटी बहुतेक ठिकाणी दिसेल, 1996 पासून तिथे त्यासाठी देशव्यापी संस्था काम करते. चतकोर मटण म्हण, अर्धे संपणार नाही. आणि वेळ मिळाला तर रिव्हरसाइडला जाऊन आपल्या गाववाल्यासाठी फातिहा पढून ये.

त्याने सगळे केले, फक्त अर्धे मागवले. रस्त्याकडेला एका दुकानाच्या पायरीवर बसून, वर्तमानपत्र मांडीवर घेऊन खाल्ले म्हणाला. शेजारी एक आफ्रिकी टॅक्सीवाला तेच खात होता. त्यानेच दाखवले की आधी वरचे झाकण बुडवून खायचे असते, आणि मग कडा तोडत खाली यायचे, नाहीतर सगळा रस्सा कपड्यांवर. याला हे कळेपर्यंत सदऱ्यावर सांडलेच होते.

येताना त्याने व्हिक्टोरिया बाजारातून मसाल्याचे एक पाकीट आणले. सासूबाईंचा काटा काढणारा, अशा अर्थाचे नाव आहे त्याचे, तिथे अगदी प्रसिद्ध. मसाला फार चांगला आहे, आमच्याकडे माशाच्या कालवणात चालतो. पाकिटावरच्या इंग्रजीचा अर्थ मात्र आम्ही घरात अजून कुणाला सांगितलेला नाही, कारण सासूबाई सध्या आमच्याकडेच राहायला आहेत.