शीळफाट्याची जमीन आणि पुरलेली नाणी

पुरलेल्या नाण्यांचा माग आधी कागदांत काढावा लागतो, मग जमिनीत. बँका नव्हत्या त्या काळी शिल्लक पैसा लोट्यात किंवा हंड्यात घालून घराच्या जोत्याखाली, परसात नाहीतर बांधाशी पुरत. पुरणारा लढाईत किंवा साथीत गेला की ठेव तिथेच राही. म्हणून जिथे वस्ती, बाजार, घाट किंवा वाटेवरचा मुक्काम होता, तिथेच ती असण्याचा संभव जास्त. ही ठिकाणे सांगतो तो स्थानिक इतिहास.

शीळफाटा आज वाहनांच्या कोंडीसाठी ओळखला जातो. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणाऱ्या रस्त्याला इथे कल्याणचा रस्ता मिळतो. एका अंगाला पारसिकचे डोंगर आहेत, जवळच खिडकाळीचे जुने शिवालय आणि त्याचा तलाव आहे. कल्याण पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात बंदर म्हणून येते आणि कान्हेरी लेण्यांतल्या लेखांत तिथले दाते भेटतात. ठाणे ही शिलाहारांची राजधानी होती. अशा दोन शहरांच्या मधल्या मुलखात चलन फिरलेच असणार. पण खाडीकाठचे खाजण आणि बांध घालून मिळवलेली खारजमीन जुन्या वस्तीच्या शोधातून आधी वगळावी लागते. वस्ती उंचवट्यावर आणि गोड्या पाण्याजवळ असे.

जमीन वाचण्याची साधने या भागात भरपूर आहेत. शिलाहार राजा चित्तराजाचा 1026 चा भांडुप ताम्रपट दान दिलेल्या शेताच्या सीमा सांगतो आणि त्या परिसरातल्या राजपथाचाही उल्लेख करतो. हजार वर्षांपूर्वीची वाट त्यावरून नकाशावर शोधता येते. दानाच्या जमिनीवर उभे केलेले गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, जागेवरच टिकले असतील तर सीमा दाखवतात. 1882 चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर गावोगावचे अवशेष नोंदवते. भूमी अभिलेखातले जुने गावनकाशे गावठाण कुठून कुठे सरकले ते दाखवतात. घाटावर ‘पांढर’ म्हणजे वस्तीची माती. शेताला हे नाव असेल तर तिथे एकेकाळी माणसे राहत होती, हे शेतकऱ्याला उत्खननाआधीच ठाऊक असते.

कोणते नाणे कोणत्या काळाचे, हेही आधी माहीत असावे लागते. मुंबई-साष्टीत कलचुरी कृष्णराजाची सहाव्या शतकातली चांदीची नाणी मिळाली आहेत. शिलाहारांच्या काळात गधैया नाणी चालत. मराठी अमलाची ओळख तांब्याच्या शिवराईने पटते.

इतिहासाच्या आधाराने खणण्याचे उत्तम उदाहरण याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले आहे. सोपारा म्हणजेच ग्रंथांतले शूर्पारक, हे ध्यानी घेऊन पंडित भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये ‘बुरूड राजाचा कोट’ नावाची टेकडी खणली. आत स्तूप निघाला आणि दगडी पेटीतल्या ठेवीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्या राजाआधी ती ठेव बंद झालेली नव्हती, हे एका नाण्याने सांगितले. तेच नाणे बाजारात मिळाले असते तर त्यातून स्तूपाबद्दल काहीही कळले नसते.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची 13,000 हून अधिक नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. हरलेल्या राजाचे चलन जिंकणाऱ्याने आपले केले, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. ढीग वाटून वितळवला गेला असता तर हे प्रमाण कधीच कळले नसते.

धातुशोधक यंत्र या सगळ्यापुढे फार थोडे काम करते. त्याच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने धातूत प्रवाह उठतो आणि यंत्र वाजते. सुटे नाणे वीतभर खोलीपलीकडे सहसा लागत नाही. बेसॉल्टच्या मातीतले लोहखनिज खोटे इशारे देते. भराव, सळ्या आणि पत्र्यांनी भरलेल्या शीळफाट्यासारख्या जागी तर यंत्र सतत वाजत राहील.

शिवाय मनास येईल तिथे खणण्याची मुभा नाही. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खोदणे गुन्हा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांहून अधिक मोलाची ठेव सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठेव बेवारस ठरली आणि सरकारने घेतली नाही, तर वेगळा करार नसल्यास शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश मिळते. गुप्तधनासाठी चालणाऱ्या अघोरी प्रकारांना 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा ठेवली आहे.

या भागातला मोठा शोध पुढेही बहुधा पाया खोदतानाच लागेल. ठाण्यात 1787 मध्ये शिलाहार अरिकेसरीचा ताम्रपट असाच मिळाला होता. शीळ, डायघर, देसाई परिसरात आज जागोजागी इमारती उठत आहेत. तिथे गाडगे लागले तर काम थांबवावे, नाणी घासूनपुसून चकचकीत करू नयेत, कोणत्या थरात आणि कशात मिळाली ते लिहून फोटो काढावा आणि त्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे.