वॉशिंग्टनची कवळी

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लाकडी दात लावीत असे, ही कथा आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर आली असेल. ती खरी नव्हे. चोविसाव्या वर्षी, १७५६ साली, पाच शिलिंग मोजून त्याने एक दात उपटून घेतला. ब्रश, दंतमंजन यांत त्याने कसूर केली नाही. तरी १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्याचा स्वतःचा एकच दात उरला होता! जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली, तीत माणसांचे दात बसविले आणि त्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवले. कवळ्यांना स्प्रिंगा असत. त्यांनी ओठ पुढे येतात, ही वॉशिंग्टनची तक्रार होती.

पण माणसांचे दात येत कोठून? त्याच्या हिशेबवहीत मे १७८४ ची नोंद आहे : एका फ्रेंच दंतवैद्याखातर काळ्या लोकांना नऊ दातांबद्दल सहा पौंड दोन शिलिंग. म्हणजे दातामागे साडेतेरा शिलिंग. हे लोक बहुधा त्याच्याच मळ्यावरचे गुलाम. धन्याला नकार देण्याची त्यांची प्राज्ञा किती, हे आपण जाणतोच. ते दात वॉशिंग्टनच्याच तोंडात गेले काय, हे वहीवरून ठरत नाही. देणाऱ्यांची नावेही तीत नाहीत.