बांध फुटला तर धावणार कोण?

मांडवी-झुआरीकाठची आपली खाजनं कुठल्या सरकारने बांधलेली नाहीत. १५२६ च्या पोर्तुगीज फोरालात ज्यांच्या चालीरीती नोंदल्या, त्या गांवकऱ्यांनीच खाडीकाठी मातीचे बांध घातले, राखले. मानशीची लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून पावसाचं पाणी सोडतात. बांध फुटला की गाव धावायचा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कूळ संघांकडे आली. आज मानशीच्या मासळीचा लिलाव होतो, पण बांधावर माती टाकायला माणसं मिळत नाहीत. समुद्र चढतोय, पाऊस एकदम कोसळतोय. मी म्हणतो, लिलावाचा पहिला पैसा बांधाला द्या. खारं पाणी कूळ-भाटकार बघत नाही, मंडळी!