वाळूत सायकल ढकलणारी पलटण

१८९६ सालचा एक फोटो आहे. यलोस्टोनमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांनी साचवलेल्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवर अमेरिकन लष्कराचे कृष्णवर्णीय सैनिक आपापल्या सायकली धरून उभे आहेत. मोबाइलवर तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फोटोशॉप वाटला. गणवेश, बंदुका आणि सायकली? पण फोटो खरा आहे. ही होती २५ व्या इन्फन्ट्रीची सायकल तुकडी, आणि यलोस्टोनची फेरी म्हणजे त्यांचा नुसता सराव होता.

यादवी युद्धानंतर अमेरिकेत कृष्णवर्णीय सैनिकांच्या वेगळ्या पलटणी उभ्या राहिल्या. शिपाई काळे, अधिकारी बहुतेक सगळे गोरे. २५ वी इन्फन्ट्री त्यातलीच, मुक्काम मोंटाना राज्यातला फोर्ट मिझुला. तिथे जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट आला. वेस्ट पॉइंटच्या १८९४ च्या तुकडीत याचा नंबर शेवटचा! पण डोक्यात सायकल भिनलेली. त्याचा हिशोब सोपा होता. घोड्याला दाणा लागतो, पाणी लागतं, तो आजारी पडतो, गोळी लागली की संपतो. सायकलला यातलं काहीच नाही. जनरल नेल्सन माइल्स यांना ही कल्पना आवडत होती, त्यामुळे परवानगी मिळाली.

१४ जून १८९७ ला वीस सैनिक, मॉस, एक डॉक्टर आणि एक पत्रकार मिझुलाहून निघाले. जायचं होतं सेंट लुईसला, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. स्पॉल्डिंग कंपनीने खास बनवलेली एकेक सायकल सामानासकट साधारण २७ किलो भरायची. घोंगडी, तंबूचा अर्धा भाग, शिधा, सगळं तिच्यावर. पाठीवर साडेचार किलोंची रायफल आणि कमरेला काडतुसं. गिअर नाहीत. मी रविवारी ज्या ग्रुपबरोबर निघतो, त्यात कुणाच्या बाटलीचं वजन जास्त आहे यावर वाद होतात, म्हणून हे आकडे मी मुद्दाम सांगतोय.

सुरुवातीला पावसाने छळलं. तिथली माती आपल्या काळ्या रानासारखीच. ओली झाली की चाकाला असे थर चढतात की चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती खरवडायची, चार पावलं जायचं, पुन्हा खरवडायची. रॉकी पर्वतात तर जून महिन्यात बर्फ लागला.

पण खरी कसोटी पुढे होती. नेब्रास्कातल्या सँड हिल्स. गवताने जेमतेम धरून ठेवलेले वाळूचे डोंगर, सुमारे २७० किलोमीटरचा पट्टा. एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या नकाशांवर या सगळ्या मुलखाला 'महान अमेरिकन वाळवंट' असंच नाव होतं. अरुंद टायर वाळूत घुसतं आणि सायकल तिथल्या तिथे उभी राहते. बसून चालवणं अशक्य, ढकलणंही जड. म्हणून त्यांनी रेल्वेचे रूळ धरले. स्लीपरवरून धडधड करत, हाडं खिळखिळी करत जायचं, आणि तेही जमेना तर उतरून चालायचं. उष्णता ४३ अंशांच्या घरात. पाणी मिळे ते खारवट, पोट बिघडवणारं. खुद्द मॉस त्या पाण्याने आजारी पडला आणि काही अंतर त्याला रेल्वेने जावं लागलं. तुकडी पुढे जात राहिली.

२४ जुलैला ते सेंट लुईसला पोहोचले. ४१ दिवस, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे ३४. बघायला हजारो माणसं जमली, कौतुक झालं. सैनिक परतले मात्र रेल्वेने. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाण्याचा मॉसचा बेत मंजूर झाला नाही. मग क्यूबात युद्ध पेटलं आणि पलटण तिकडे गेली. लष्करातली सायकल तिथेच मागे पडली.

या मोहिमेबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः मॉसच्या अहवालातून आणि त्या पत्रकाराच्या बातम्यांतून. वाळूत सायकल ढकलणाऱ्यांना स्वतःला काय वाटलं, ते जवळपास कुठेच नाही. मला हे फार खटकतं.

त्यातल्या एकाचं पुढचं आयुष्य मात्र नोंदलं गेलं. सार्जंट मिंगो सँडर्स. वय ३९, तुकडीत सगळ्यात मोठा, एका डोळ्याने जवळजवळ आंधळा. क्यूबात त्याने थिओडोर रूझवेल्ट यांच्या भुकेल्या सैनिकांना आपल्या वाट्याची कडक बिस्किटं दिली, असं तो सांगत असे. १९०६ मध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. संशय काळ्या सैनिकांवर. खटला चालला नाही. राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच रूझवेल्टनी १६७ जणांना लष्करातून काढून टाकलं. सँडर्स त्यात होता. पंचवीसहून जास्त वर्षांची नोकरी, निवृत्ती तोंडावर आलेली. पेन्शन गेलं.

तो १९२९ मध्ये वारला. लष्कराने ती बडतर्फी रद्द केली १९७२ मध्ये. दोन वर्षांनी मोंटाना विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय अभ्यास विभागातून काही जण सायकली घेऊन मिझुलाहून निघाले आणि त्याच वाटेने सेंट लुईसला गेले. या वेळी नेतृत्वही कृष्णवर्णीय होतं.