नागफणी की ड्यूकचं नाक?

कुरवंडे गावाच्या डोक्यावर जो कडा उभा आहे, त्याला आपण नागफणी म्हणतो. इंग्रजांनी त्यालाच ‘ड्यूक्स नोज’ म्हटलं, कारण त्यांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं टोकदार नाक दिसलं. कडा एकच. ज्यांच्या नजरेत नाग होता त्यांना फणा दिसला, ज्यांच्या नजरेत ड्यूक होता त्यांना नाक. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि ‘ट्रेनिंग डेटा’ म्हणजे काय हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

सध्या मी एका ट्युटोरियलचा प्रस्ताव लिहितोय. विषय पॅटर्न रेकग्निशन, म्हणजे पसाऱ्यातून आकृतिबंध ओळखण्याचं शास्त्र. त्याची आंतरराष्ट्रीय परिषद पहिल्यांदा १९७३ मध्ये वॉशिंग्टनला भरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला आली. अशा परिषदांत शोधनिबंधांच्या जोडीला अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची ट्युटोरियल्स असतात. शोधनिबंधात काहीतरी नवं लागतं, ट्युटोरियलमध्ये मात्र माहीत असलेलंच नीट शिकवायचं असतं. त्यामुळे प्रस्तावात विचारतात: कोणासाठी? पूर्वतयारी काय हवी? वेळ कसा वाटणार? ऐकणारा काय घेऊन जाईल? ताज्या मॉडेलांची चलती असताना मी अर्धा दिवस इतिहासासाठी मागणार आहे. तीन सत्रं.

पहिलं सत्र कार्ल्याचं. कुरवंड्याहून लोणावळा ओलांडून मळवलीकडे गेलं की ही लेणी लागतात. चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवनही आहेत. पण कित्येक शतकं ही अक्षरं कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये कोलकात्याच्या टांकसाळीतले जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लेखांचे ठसे बघत होते. लेख छोटे, सुटे, आणि बरेचसे त्याच दोन अक्षरांवर संपणारे. एवढ्याने अर्थ लागत नाही. प्रिन्सेपनी विचार केला, की धर्मस्थळाच्या दगडांवर माणसं सुटं सुटं काय लिहून ठेवतील? दिलेली देणगी. मग ती दोन अक्षरं ‘दानं’ असणार, आणि त्याआधी वारंवार येणारं अक्षर षष्ठीचं ‘स’, म्हणजे ‘अमक्याचं’. त्यातून बाकीची अक्षरंही भराभर सुटली. आकृती पुन्हा पुन्हा येते हे मोजून कळलं, तिचा अर्थ मात्र ती कुठे कोरली आहे यावरून लागला.

दुसरं सत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं. तिथे ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये उभा करणाऱ्या गटाचे प्रमुख होते आर. नरसिंहन. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे प्रश्न होता बबल चेंबरच्या फोटोंचा. सूक्ष्म कण द्रवातून जाताना बुडबुड्यांची रेघ उमटवतात, आणि अशा फोटोंचे ढीग माणसांना डोळ्यांनी तपासावे लागत. नरसिंहन यांचं म्हणणं होतं, की चित्राला नुसतं लेबल लावून भागणार नाही. रेघा कुठल्या, त्या कुठे फुटतात, कुठे मिळतात, याचं वर्णन यंत्राला करता यायला हवं, वाक्याचं व्याकरण सांगावं तसं. १९६४ मध्ये त्यांनी हे निबंधात मांडलं. नागफणीला हे लावून बघा. ‘फणा’ आणि ‘नाक’ ही दोन लेबलं. ‘एका अंगाने चढत जाणारी धार, टोकाशी तुटलेला उभा कडा’ हे वर्णन. लेबलांवरून भांडण होईल, पण वर्णन दोघांनाही तपासता येतं.

तिसऱ्या सत्रासाठी मी हे सगळं लिहितोय. इरावती कर्वे आपल्याला ‘युगान्त’मुळे माहीत असतात. १९२०च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनमध्ये पीएच.डी. करत होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या विचारांचा नाझी वंशवादाला पुढे आधार मिळाला. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण वेगळ्या प्रकारे विषम असते आणि तिचा बुद्धीशी संबंध आहे, अशी त्यांची धारणा होती. विशीतल्या इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. विषमता होती, पण तिचा वंशाशी संबंध लागेना. त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. परक्या देशात, पदवी ज्याच्या हातात त्या माणसाच्या मताविरुद्ध.

आपल्या धंद्यात हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी चेहऱ्याच्या फोटोवरून गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला. टीकाकारांनी फोटो पाहिले, तर यंत्र बहुधा हसरे आणि न हसरे चेहरे वेगळे करत होतं. माझ्या वयाचे कितीतरी जण आज चेहरे, आवाज, कर्जाचे अर्ज अशा डेटावर काम करतात. चुकीच्या लेबलाची किंमत कोड लिहिणाऱ्याला मोजावी लागत नाही, ज्याच्यावर ते लागतं त्याला लागते.

म्हणून तिसऱ्या सत्रात एक सराव ठेवलाय. विद्यार्थ्यांना मुद्दाम चिठ्ठ्या टाकून लेबलं लावलेला डेटा द्यायचा आणि फरक शोधायला सांगायचं. मॉडेल पुरेसं मोठं असेल तर ते तोही पाठ करून दाखवेल. मग नवा डेटा द्यायचा आणि सगळं कोसळताना बघायचं.

‘पूर्वतयारी’च्या रकान्यात मी बारावीचं गणित लिहिलंय. ‘ऐकणारा काय घेऊन जाईल?’ यापुढे लिहिलंय: इथे आकृतिबंध नाही, असं पुराव्यासकट वरिष्ठांना सांगता येईल.